चार नंबरच्या क्लचचं आभारप्रदर्शन

वाघजाई गोल्फ क्लबच्या चार नंबर गाडीच्या ड्राइव्ह क्लचनं सोमवारी सकाळी कळवलं, की मला बदलायला माझी हरकत नाही, फक्त उतरण्याआधी आभारप्रदर्शन करू द्यावं.

कळवलं ते गॅरेजात, मार्तंड मिस्त्रींना. मिस्त्री तेव्हा सीट उचलून पट्टा तपासत होते. रीतसर अर्ज लागेल, असं ते म्हणाले. मग तुम्हीच लिहा, मी सांगतो, असं क्लच म्हणाला. एकोणीस वर्षं दोघांचं हे असंच चाललेलं. क्लच मितभाषी, आणि मिस्त्री तर काय, मूग गिळून बसल्यासारखे.

बदलणं मात्र भागच होतं. ड्राइव्ह क्लच म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवर बसवलेल्या दोन थाळ्या. ॲक्सिलरेटर दाबला की आतली वजनं बाहेरच्या बाजूला फेकली जातात, थाळ्या जवळ येतात, मधला पट्टा आवळतात आणि गाडी निघते. चार नंबरची स्प्रिंग मेली होती, वजनं झिजली होती. सपाटीवर गाडी चालायची. सातव्या होलचा चढ आला की इंजिन नुसतं बोंबलायचं, पट्टा घसरायचा आणि सभासदांना खाली उतरून ढकलावं लागायचं. गोल्फ खेळायला आलेल्या माणसाला गाडी ढकलायला लावली की तो फार लवकर चिडतो. शेवटी कमिटीनं ठराव केला: जास्त ताकदीची स्प्रिंग आणि जड वजनं असलेला नवा क्लच बसवावा, आणि शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत चार नंबरनं सातवा चढ चढून दाखवावा. नाही चढली, तर भंगार.

बाकीच्या अकरा गाड्या बॅटरीवरच्या. त्यांना असला क्लच नसतो, त्यामुळे बोलायलाही काही नसतं. पेट्रोलची ही एकटीच उरलेली. मिस्त्री कामाला लागले त्याच दिवशी ही गाडी क्लबात आली होती. ती भंगारात गेली असती तर मिस्त्रींनी काही जेवण टाकलं नसतं, पण जेवणाची चव गेली असती, हे नक्की.

क्लबचे सचिव सबनीस भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि भाषण किती मिनिटांचं, एवढंच विचारलं. मग अटी घातल्या. नावांची यादी दोन प्रतींत द्यावी, कमिटीची मंजुरी घ्यावी, आणि ज्याचे आभार मानले जातील त्यानं रजिस्टरात पोच द्यावी. हे उगाच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गवत कापायच्या यंत्रानं निरोपाच्या वेळी उपाध्यक्षांच्या बायकोचं नाव गाळलं होतं. ते भांडण दिवाळीपर्यंत पुरलं.

मंगळवारी मिस्त्री यादी लिहायला बसले. क्लच सीटखालून सांगत होता. आजवर सोबत केलेल्या सहाही पट्ट्यांचे आभार. चढावर चाकामागे धोंडा लावणाऱ्या गेनबा माळ्याचे. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचलणाऱ्या डॉक्टर कानिटकर बाईंचे. कार्बोरेटरचेही, कारण त्याच्याशी पटलं नाही, पण आता जाताना मनात काही ठेवायचं नव्हतं.

"आणि शेवटी मार्तंड मिस्त्रींचे," क्लच म्हणाला.

मिस्त्रींचं पेन थांबलं. आपलं नाव आपणच कसं लिहायचं? लोक म्हणतील, बघा, यादी लिहायला बसला आणि आपल्याच पोळीवर तूप ओढून घेतलं. कानाची पाळी गरम झाली त्यांची. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटच्या ओळीत लिहून टाकलं, 'इत्यादी'. क्लचला सीटखालून कागद दिसत नव्हता. बुधवारी कमिटीनं यादी एकमतानं मंजूर केली.

शनिवारी तीन वाजता कार्यक्रम झाला. गॅरेजात सतरंजी, खुर्च्या, इंजिनाला हार. सबनीसांनी क्लचच्या वतीनं यादी वाचली. एकेक जण पुढे येऊन पोच देऊन गेला. पट्ट्यांच्या वतीनं भांडारपालानं सही केली. गेनबा माळ्यानं अंगठा उठवला आणि मागे जाऊन डोळे पुसले. चहा झाला, टाळ्या झाल्या, आणि पावणेचारला मिस्त्रींनी काम हातात घेतलं.

हा क्लच शाफ्टवर घट्ट रुतून बसलेला असतो. तो काढायला मधोमध एक लांब बोल्ट पिळत न्यावा लागतो, त्याला पुलर म्हणतात. मिस्त्रींनी ग्रीस लावून पुलर पिळला. क्लच हलला नाही. पान्याला पाइप लावून जोर केला, तर पुलर मधोमध तुटला.

"एकाचे आभार राहिलेत," क्लच म्हणाला. "ते आत अडकलेत."

मानायचे राहिलेले आभार क्लचला शाफ्टवर धरून ठेवतात, हे कुठल्याही गॅरेजात माहीत असतं. सबनीसांनी कोणाचे, असं विचारलं. मंजूर यादीबाहेरचं नाव घ्यायची मला परवानगी नाही, असं क्लचनं नम्रपणे सांगितलं. त्याचंही बरोबर होतं. मग शोधाशोध सुरू झाली. कोणी म्हणालं पाण्याचा पंप, कोणी म्हणालं माजी अध्यक्ष. शिपाई पंपाची पोच आणायला धावलासुद्धा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मिस्त्री मान खाली घालून ग्रीसचा डबा पुसत होते. घोडं कुठे पेंड खातंय, हे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

सव्वाचार झाले. गॅरेजाच्या दाराशी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन लागला. कमिटीनं त्यालाही वेळेत सांगून ठेवलं होतं. मिस्त्रींनी टेम्पोकडे पाहिलं, चार नंबरकडे पाहिलं, आणि एकोणीस वर्षांत बोलले नसतील एवढ्या मोठ्यानं बोलले.

"साहेब, इत्यादी म्हणजे मी."

सबनीसांनी चष्मा चढवून यादीची शेवटची ओळ वाचली. थोडा विचार केला. यादीत बदल करायचा तर सात दिवसांची नोटीस लागते, पण हा बदल नव्हे, स्पष्टीकरण आहे, आणि स्पष्टीकरणाला मंजुरी लागत नाही, असा त्यांनी निर्णय दिला. देव त्यांचं भलं करो. एवढे आभार क्लचनं स्वतः मानावेत, असंही ते म्हणाले.

"मिस्त्री," क्लच म्हणाला, "हवेचा पाइप असतानाही तुम्ही माझी धूळ तोंडानं फुंकून काढलीत, कारण पाइपनं मला गार वाटायचं. गेलं वर्षभर चढावर मी घसरत होतो आणि तुम्ही सगळ्यांना पट्टाच सैल आहे म्हणून सांगत राहिलात. मला कळत होतं. मी तुमचा फार आभारी आहे."

मिस्त्री कसनुसं हसले. "आभार कसले त्यात, कामच आहे माझं ते," असं म्हणून त्यांनी दुसरा पुलर लावला आणि पिळला. क्लच तसूभर हलला नाही.

"परत पाठवलेत तुम्ही," सबनीस म्हणाले. "दारातून परत पाठवलेले आभार जातात कुठे? होते तिथेच येऊन बसतात."

मिस्त्रींनी पुन्हा म्हणून पाहिलं, की आपण घरचीच माणसं, घरच्यात कुठे आभार मानतात. तेव्हा दुसरा पुलरही वाकू लागला. तिसरा नव्हता. सबनीसांनी पोचेचं रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं. 'मिळाले' एवढंच लिहायचं होतं.

आता माणसानं कुणाचं काही घेतलंच नसेल आयुष्यात, तर त्याला ते घ्यायला जड जातं. मिस्त्रींनी फडक्यानं दोन्ही हात पुसले. बोटं पुसली, मग नखं पुसली. चार चाळीस झाले होते.

"मिळाले," ते म्हणाले. "फार बरं वाटलं बघ."

त्यांनी सही केली, पुलरला हात लावला, आणि पाव फेरा फिरला न फिरला तोच डब्याचं झाकण निघावं तसा क्लच सुटून त्यांच्या ओंजळीत आला. अजून कोमट होता. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. क्लच त्यांनी गेनबाच्या हाती दिला, तो गेनबानं दोन्ही हातांनी घेतला.

पुढचं काम मिस्त्रींच्या हातचा मळ. शाफ्ट कोरडा पुसला, नवा क्लच बसवला, बोल्ट आवळला, पट्टा चढवला. पाचला सात मिनिटं कमी असताना चार नंबर सातव्या चढाला लागली. मिस्त्री स्टिअरिंगवर, शेजारी रजिस्टर घेऊन सबनीस, मागे चालत अर्धी कमिटी. नव्या वजनांनी थाळ्या अशा आवळल्या की गाडी एकदाही कण्हली नाही. मागची कमिटी दम लागून निम्म्यातच बसली. भंगारवाला टेम्पो वळवून निघून गेला.

माथ्यावर वारा होता. मिस्त्रींनी गाडी थांबवली, तसा सीटखालून नवा क्लच पहिल्यांदाच बोलला. आवाज भरदार, जरा संकोचलेला.

"कामावर रुजू झालो. कोणाच्या हाताखाली, तेवढं नोंदवायचं आहे. नाव?"

सबनीसांनी पेन उघडलं. नुसतं मिस्त्री लिहू ना, असं त्यांनी सवयीनं विचारलं.

"मार्तंड रामजी घोलप," मिस्त्री म्हणाले, आणि नीट लिहिलं जातंय ना, ते वाकून पाहू लागले.