डाव्या बाजूचा ब्रेक

मी बायकोला फक्त एवढंच म्हणालो, "तुझ्या बाजूला ब्रेक नाही." यात माझं काय चुकलं? कुणीही यावं आणि आमच्या जीपच्या डाव्या बाजूला वाकून बघावं. तिथे एक फाटकी रबरी मॅट आहे, मॅटखाली गंजका पत्रा आहे आणि पत्र्याखाली थेट रस्ता आहे. ब्रेक नाही. तरीही मी गाडी चालवत असलो, की माझी बायको त्या मॅटवर उजवा पाय दाबत असते. समोरून ट्रक आला, दाब. वळण आलं, दाब. लांबवर एखादं कुत्रं रस्ता ओलांडायचा नुसता विचार करताना दिसलं, तरी दाब. आणि पाऊस असला तर पाय उचलायचाच नाही, थेट घर येईपर्यंत.

माणसाच्या सहनशक्तीला काही मर्यादा असते की नाही? (बायकोच्या मते तिची मर्यादा साखरपुड्यातच संपली होती.) त्या रविवारी बाजारातून परत येताना तिने एका उभ्या सायकलसाठी पाय दाबला. सायकल झाडाला टेकवलेली होती, वर कुलूप लावलेलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, ब्रेक माझ्याकडे आहे!"

"असेल. पण तुम्ही तो वापरत नाही ना."

"तुझ्या दाबण्याने गाडी थांबते का?"

"थांबते. मी दाबला की तुम्ही दचकता, आणि मग तुम्ही दाबता."

"आजपासून या गाडीत तू पाय दाबायचा नाहीस. सांगून ठेवतो!"

तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसली. "आता तुम्ही हातापाया पडलात तरी पाय खाली ठेवायची नाही."

म्हणजे मी जिंकलो होतो! संसारातला हा माझा पहिलाच विजय, त्यामुळे तो कसा साजरा करतात हे मला ठाऊक नव्हतं. मी आपली शीळ घातली. तेवढ्यात पाऊस आला. मी वायपरचं बटण ओढलं आणि वायपर जागचे हलले नाहीत.

पुन्हा ओढलं. ढकललं. थोपटलं. (दोन शिव्याही घातल्या, मनातल्या मनात, कारण शेजारी मांडी होती.) शेवटी खिडकीतून हात बाहेर काढून मी बाजाराच्या पिशवीने काच पुसत घरी आलो. बायको संपूर्ण रस्ताभर देवळात बसल्यासारखी शांत होती.

इथे एक सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर कुणीतरी सांगेलच. ही जीप मूळची माझी नाही, सासऱ्यांची आहे. सासरे रस्तेबांधणीत सुपरवायझर होते. जिथे रस्ता नाही तिथेच त्यांना जायचं असायचं, आणि ही जीप त्यांना घेऊन जायची. पुढे सासूबाईंचा गुडघा बिघडला, त्यांना उंच पायरी चढवेना, आणि त्यांच्याशिवाय गाडीत बसायची सासऱ्यांना सवय नव्हती. तेव्हा त्यांनी जीपची किल्ली थोरला जावई म्हणून माझ्या हातात ठेवली. आयुष्यात मला थोरला असण्याचा झालेला हा एकमेव फायदा. धाकटे जावई, म्हणजे माझे साडू, त्या दिवशी जेवले नाहीत.

साडूंचं टाइल्सचं दुकान आहे. त्यांच्या स्वतःच्या गाडीचे वायपर पाऊस पडला की आपोआप चालू होतात, हे ते कडक उन्हातसुद्धा सांगतात. त्यांना जीप चालवायला नकोच होती. त्यांना ती लाल रंग देऊन दुकानाच्या दारात उभी करायची होती, मागे टाइल्स रचून आणि बॉनेटवर कुंड्या मांडून. जिने दगडधोंडे तुडवले, दऱ्या पाहिल्या, तिच्या बॉनेटवर कुंड्या! ऐकूनच माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आता आमच्या घरची टपालव्यवस्था बघा. वायपर बंद पडल्याचं बायकोने सहज बहिणीला सांगितलं. बहिणीने ते सहज नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने मात्र ते अजिबात सहज सांगितलं नाही. संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, गाडीचे हाल केलेत म्हणे."

"नाही, नाही! फक्त वायपर जरा..."

"रविवारी येतो. वायपर चालले तर गाडी तुमची. नाही चालले तर धाकट्यांकडे देतो. निदान सावलीत तरी उभी राहील." फोन बंद.

वायपर म्हणजे काय मोठं प्रकरण आहे? मी स्वतः वीज कंपनीत नोकरीला आहे. (बिलांच्या तक्रारी घेतो. वीज स्वतः मी अजून जवळून पाहिलेली नाही. पण सहवासाचा काही परिणाम होत असेलच.) दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे बसने ऑफिसातून आल्याआल्या मी फ्यूज काढून पाहिला. चांगला होता. परत बसवला. मग हॉर्न बंद पडला. हॉर्न सुरू केला, तर डावा इंडिकेटर लागला तो विझेना. मग मी डॅशबोर्ड उघडून वायपरचा स्विच बाहेर काढला, घासूनपुसून लख्ख केला आणि परत बसवला. सगळं जागच्या जागी बसलं आणि एक स्क्रू उरला. तो मी खिशात टाकला, कारण बायको खिडकीतून बघत होती.

"झालं का?"

"जवळजवळ!"

"मग तो इंडिकेटर घरात घेऊन या. रात्री दिव्याच्या कामी येईल."

शेवटी मी नाक मुठीत धरून वायरमनकडे गेलो. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा गृहस्थ तोंडात कायम एक तार धरून बोलतो, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं आपण आपल्या मनाने भरून घ्यायचं असतं. मी त्याला सगळी हकिगत सांगितली. तो डाव्या बाजूने आत शिरला, पाठ सीटला लावली, दोन्ही पाय खाली रोवले, डोकं डॅशबोर्डखाली घातलं आणि म्हणाला, "दाबा बटण."

मी बटण ओढलं. वायपर सुरू!

"चालतात की," तो तार चावत म्हणाला.

"अहो, येताना बंद होते!"

"आता चालतायत." तरीही, आलोच आहे तर म्हणून, त्याने वायपरची रबरं बदलली. मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत वायपर बंद. मी गाडी तशीच वळवली. तो पुन्हा आत बसला, पाय रोवले आणि वायपर पुन्हा सुरू. माझी काय अवस्था झाली असेल! घरी पोर दिवसभर किंचाळतं आणि डॉक्टरांसमोर नेलं की हसतं, तसा प्रकार. मी त्याला हात जोडून माझ्या दारात घेऊन आलो. दारातही त्याने आत बसून वायपर चालवून दाखवले. मग खाली उतरला, तोंडातली तार प्रथमच बाहेर काढली आणि अतिशय प्रेमाने म्हणाला, "साहेब, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही जरा विश्रांती घ्या."

मी! विश्रांती! तो फाटकाबाहेर पडल्याबरोबर मी बटण ओढलं. वायपर बंद. मी तिथेच बॉनेटवर मूठ आपटली. हात दुखला. पण बटण ओढून ओढून तो आधीच दुखत होता, त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

रविवार उजाडला तोच पावसात. सासरे साडूंच्या गाडीतून आले, आणि त्या गाडीचे वायपर अर्थातच दारात उभे राहिल्यावरही मुद्दाम चालू होते. सासऱ्यांनी छत्री मिटली आणि मला खूण केली. मी जीपमध्ये बसलो, कुलदैवताचं नाव घेतलं आणि बटण ओढलं. काही नाही.

"बघू या, साडूभाऊ," असं म्हणत धाकटे जावई डाव्या सीटवर येऊन बसले. आपले ते चकचकीत बूट त्यांनी खाली ताणले, ऐसपैस टेकले आणि माझ्या हाताखालून हात घालून बटण ओढलं. वायपर सुरू!

"हातगुण असतो एकेकाचा," साडू म्हणाले.

"खाली उतरा! आत्ताच्या आत्ता खाली उतरा!" मी ओरडलो. ते उतरले. वायपर थांबले.

"बघा बाबा," साडू सासऱ्यांना म्हणाले, "कुणाकडे जायचं ते गाडीलाच कळतंय." एवढा अन्याय माझ्यावर शाळेतसुद्धा झाला नव्हता.

सासऱ्यांनी दाढी खाजवली. "एक फेरी मारू. शेवटची."

मागच्या बाकावर सासरे आणि साडू बसले. बायको शेजारी बसली, चपला काढून, मांडी घालून, व्रत न मोडता. आम्ही निघालो. पाऊस काचेवर बादलीने ओतल्यासारखा. वायपर ढिम्म. मी मुंडकं खिडकीबाहेर काढून चालवत होतो, निम्मा भिजलो होतो, चष्म्यालाही वायपर हवे होते. मागून साडू सासऱ्यांना कुंड्यांमध्ये कुठली झाडं चांगली दिसतील ते सांगत होते. रागाच्या भरात मी वेग जरा वाढवला. (बायको 'जरा' या शब्दाला हरकत घेते.)

समोर वळणावर खडीचा एक अवाढव्य डंपर रिव्हर्स घेत आमच्याच अंगावर येत होता.

"अहो, ब्रेक!" बायको किंचाळली. मांडी मोडली, दोन्ही पाय खाली आले आणि मॅटवर असे आदळले, की जीप आरपार जाते की काय असं वाटलं. मीही ब्रेक दाबला. जीप डंपरच्या मागच्या फळीजवळ थांबली. त्या फळीवर लिहिलेलं 'सुरक्षित अंतर ठेवा' आम्हाला अगदी स्वच्छ वाचता आलं, कारण वायपर जोरात चालू होते.

बायकोने घाबरून पाय वर घेतले. वायपर थांबले.

सासरे पुढे वाकले. "पाय ठेव."

तिने ठेवला. काही नाही.

"दाब."

तिने दाबला. वायपर सुरू.

"सोड." बंद. "दाब." सुरू.

"बाबा, मी काय शिवणयंत्र चालवतेय का?" बायको म्हणाली, पण दाबत राहिली.

सासऱ्यांनी जीप कडेला घ्यायला लावली, मॅट उचलली आणि डोळे बारीक करून पाहिलं. वायपरच्या मोटरची अर्थिंगची वायर डाव्या बाजूने खाली येऊन त्या गंजक्या पत्र्यावर एका बोल्टला अडकवलेली होती. बोल्ट कधीचा सैल झाला होता. पत्रा खाली दबला, की वायर टेकायची. पाय सुटला, की वायर सुटायची.

"वायर मीच लावली होती," सासरे म्हणाले. "मला कधी त्रास नाही झाला. तुझी आई असायची शेजारी." मग मॅट परत अंथरता अंथरता ते हळूच म्हणाले, "तिचा उजवाच गुडघा का गेला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं."

माझा ऊर भरून आला. गाडी निर्दोष! मी निर्दोष! मी साडूंच्या बुटांकडे बोट दाखवलं. "हातगुण म्हणे! पाय होता तुमचा, पाय!" साडूंनी बूट बाकाखाली ओढून घेतले. बॉनेटवरच्या कुंड्या गेल्या, दुकानाचं दार गेलं. वायरमनलाही जाऊन ऐकवायचं मी मनात ठरवून टाकलं.

पण सासरे सुपरवायझर होते. त्यांना मुळाशी जायची खोड. "वायपर बंद नेमके कधी पडले?"

"यांनी मला पाय दाबायला बंदी केली ना, त्या मिनिटाला," बायको म्हणाली.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. अरे, हा काय न्याय झाला? बोल्ट सैल कुणाचा? पत्रा गंजका कुणाचा? वायर लावली कुणी? पण दोष कुणाचा, तर जो हक्काच्या ब्रेकवर पाय ठेवून मुकाट गाडी चालवतो त्याचा!

"गाडी तुमच्याकडेच राहू दे, जावईबापू," सासरे म्हणाले. "पण ही शेजारी असल्याशिवाय बाहेर काढायची नाही."

गाडी वाचली खरी, पण असल्या अटीवर कोण स्वाभिमानी माणूस गाडी चालवेल? मी दुसऱ्याच दिवशी वायरमनला पुन्हा गाठलं. त्याने पत्रा खरवडला, नवा बोल्ट घातला, वायर पक्क्या लोखंडाला आवळून टाकली. उरलेला स्क्रूसुद्धा मी खिशातून काढून दिला, तेव्हा तो इंडिकेटर विझला. आता वायपर माझ्या एकट्याच्या हुकमावर चालू लागले. कुणाच्या पायाची गरज नाही, कुणाचे उपकार नाहीत.

हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करायचं म्हणून पुढच्या रविवारी मी सासऱ्यांना मागे बसवलं, बायकोला शेजारी बसवलं आणि भर पावसात निघालो. बटण ओढलं. वायपर झोकात सुरू झाले. काच लख्ख, रस्ता लख्ख, माझा चेहराही लख्ख. समोर वळण आलं आणि डावीकडे मॅटवर धप्प आवाज झाला.

"अगं, आता सोड तो पाय," मी मोठ्या मनाने म्हणालो. "वायर दुरुस्त झालीय. वायपरला तुझी गरज नाही."

बायकोने रस्त्यावरची नजर काढली नाही आणि मॅटवरचा पायही काढला नाही.

"मी वायपरसाठी कधी दाबत होते?"

मी दाद मागायला आरशातून सासऱ्यांकडे पाहिलं. ते दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरून बसले होते, आणि त्यांचाही उजवा पाय खालच्या पत्र्यात रुतलेला होता.