कासवास बहाल झालेली पुण्यतिथी

एका जंगलात, बालमित्रांनो, सुट्ट्या पुष्कळ होत्या. परंतु त्या पुरत नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, सुट्ट्या कोणालाच पुरत नाहीत. तुमचे म्हणणे योग्य आहे. पण त्या जंगलातले कारण निराळे होते. तेथील राजा, धूम्रकेसर नावाचा सिंह, थोर व्यक्तींच्या दिवशी शिकार करीत नसे. थोरांच्या स्मृतीस त्याने दिलेला तो मान होता. अशा दिवशी महाराज आदल्या दिवशीचे उरलेले खात आणि चिंतन करीत.

त्यामुळे हरणांना थोर व्यक्ती अतिशय प्रिय होत्या.

उसाचा मळा प्रथम शोधून काढणाऱ्या हत्तीची जयंती चैत्रात येई. दरीवरून उडी घेणाऱ्या सांबराची जयंती श्रावणात येई. त्याची उडी किंचित अपुरी पडली होती, पण हेतू मोठा होता. वानरांच्या मूळ पुरुषाची जयंती दोनदा होई, एकदा तिथीने आणि एकदा तारखेने. निम्मे वानर तिथीवर अडून बसले होते व निम्मे तारखेवर. हरणांचा दोन्ही पक्षांना मनःपूर्वक पाठिंबा असे.

केवळ ज्येष्ठ महिना कोरडा होता. ज्येष्ठात कोणीही थोर व्यक्ती जन्मास आली नव्हती. बहुधा उन्हामुळे कोणास सुचले नसावे. ज्येष्ठ संपेपर्यंत हरणांचा कळप विरळ होई.

कुरंगी नावाच्या हरिणीची दोन पाडसे मागल्या ज्येष्ठात गेली होती. तिसरे उरले होते. यंदा ज्येष्ठ लागताच ती त्याला घेऊन दरबारात आली.

“महाराज,” ती म्हणाली, “या महिन्यात एखादी थोर व्यक्ती मिळाली, तर प्रजेवर उपकार होतील.”

“थोर व्यक्ती काय झाडाला लागतात, कुरंगीबाई?” महाराजांनी विचारले.

“आपले दृढपृष्ठ आजोबा आहेत की.”

दृढपृष्ठ हे एक वयोवृद्ध कासव होते. ते वर्षानुवर्षे पाणवठ्याच्या वाटेवर एका खोल खड्ड्याच्या तोंडाशी बसून असे. ते तेथे असल्यामुळे सर्व प्राणी वळसा घालून जात आणि कोणीही खड्ड्यात पडत नसे. दृढपृष्ठास याची कल्पना नव्हती. त्याला तेथे सावली मिळे, इतकेच.

त्यास दरबारात आणण्यात आले. त्याची पत्नी मंदाकिनी त्याच्याबरोबर आली. प्रधान सुविनय हा मुंगूस होता. त्याने अदबीने विचारले, “आपली जन्मतिथी कोणती?”

“ठाऊक नाही,” दृढपृष्ठ म्हणाला. “आमच्यात आई वाळूत अंडी पुरते आणि निघून जाते. मी बाहेर आलो तेव्हा तिथी सांगायला कोणी थांबले नव्हते.”

“निदान तारीख?”

“तारखा तेव्हा निघाल्या नव्हत्या.”

जन्मतिथीवाचून जयंती होत नाही. कुरंगीने पाडसाला जवळ ओढले. तेव्हा सुविनयाला एक शब्द आठवला. तो शब्द त्याने गावाच्या वेशीपाशी ऐकला होता. तेथे माणसे एका तसबिरीला हार घालीत होती. भाषणे चालली होती. मागे जिलेबी तळली जात होती. कोणीही रडत नव्हते.

“महाराज,” तो म्हणाला, “आपण यांना पुण्यतिथी बहाल करावी.”

“शब्द वजनदार दिसतो.”

“फारच वजनदार. जयंतीत नुसता जय आहे. पुण्यतिथीत पुण्य आहे. शिवाय तिथी की तारीख, हा तंटा शब्दातच मिटलेला आहे.”

महाराज प्रसन्न झाले. ज्येष्ठ वद्य चतुर्थी ही दृढपृष्ठ यांची पुण्यतिथी म्हणून दरवर्षी पाळावी, अशी दवंडी जंगलभर पिटण्यात आली.

“अहो,” मंदाकिनी त्या दिवशी नवऱ्याची पाठ घासताना म्हणाली, “जन्मभर नुसते बसून राहिलात. कोणी तरी दखल घेतली म्हणायची.”

“मी काही मागायला गेलो नव्हतो,” दृढपृष्ठ म्हणाला; पण त्याने मान नेहमीपेक्षा लांब बाहेर काढली होती.

तृतीयेला, म्हणजे आदल्या दिवशी सकाळी, समारंभाची रंगीत तालीम ठेवली होती. सत्कारमूर्ती मध्यभागी बसून काकडी खात होते. प्रमुख वक्ते म्हणून शुभ्रपक्ष शास्त्री यांना पाचारण केले होते. हे शास्त्रीबुवा म्हणजे तळ्यावरचे विद्वान बगळे. त्यांना सबंध शब्दकोश मुखोद्गत होता.

“शास्त्रीबुवा, चार शब्द बोलावेत,” सुविनयाने विनंती केली.

“चारांची आवश्यकता नाही,” शास्त्रीबुवा म्हणाले. “एकच तपासू. पुण्यतिथी म्हणजे एखाद्या आदरणीय व्यक्तीच्या मृत्यूची तिथी. सत्कारमूर्ती तर समोर काकडी खात आहेत.”

दृढपृष्ठाने काकडी खाली ठेवली.

“मग आज्ञा चुकली म्हणायची?” महाराजांनी विचारले. त्यांचा आवाज शांत होता, म्हणून सर्वजण थोडे मागे सरकले.

“आज्ञा कशी चुकेल?” सुविनय लगबगीने म्हणाला. “आज्ञा आहे तशीच राहील. वस्तुस्थितीत थोडी दुरुस्ती करावी लागेल, एवढेच.” मग तो कासवाकडे वळला. “आजोबा, चतुर्थी उद्या आहे. आपले सहकार्य अपेक्षित आहे.”

दृढपृष्ठाने मान आणि पाय आत ओढून घेतले. आतून आवाज आला, “मला हा मान नको.”

“तो आता परत घेता येत नाही,” सुविनय म्हणाला.

कुरंगी पुढे आली. ती कवचाजवळ वाकली आणि हळू बोलू लागली.

“आजोबा, एक विचारू? तब्येत कशी असते हल्ली?”

“ठणठणीत आहे.”

“तरी पण या वयात कुठे दुखत असेल, खुपत असेल.”

“कुठेही नाही.”

“तुला लाज वाटत नाही का गं?” मंदाकिनीने विचारले.

“वाटते, आजी,” कुरंगी म्हणाली. “पण ज्येष्ठ लागला आहे.” तिचे पाडस तिच्या पायांशी उभे राहून काकडीकडे पाहत होते.

मंदाकिनीने ती काकडी पाडसाकडे सरकवली. मग ती महाराजांसमोर गेली. तिला तेथवर पोहोचायला बराच वेळ लागला. परंतु सर्वजण थांबले.

“महाराज, मी अडाणी बाई. मला एक शंका आहे. या शब्दाचा हा अर्थ जंगलात कोणाकोणाला ठाऊक होता?”

सर्वांनी नकारार्थी माना हलवल्या.

“मला होता,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“तुम्हाला कोणी सांगितला?”

“माझ्या गुरूंनी. ते आता हयात नाहीत.”

“आणि शिष्य?”

“एकही टिकला नाही. सर्वांचे उच्चार सदोष होते.”

“मला एवढेच विचारायचे होते,” मंदाकिनी म्हणाली आणि परत निघाली.

महाराज शास्त्रीबुवांकडे प्रथमच लक्षपूर्वक पाहू लागले. पुष्कळ पाहून झाल्यावर ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुम्ही विद्वान आहात. या शब्दातून दुसरा एखादा अर्थ निघतो का? सावकाश सांगा.”

“निघतो म्हणा की, बुवा,” कुरंगी पुटपुटली.

शास्त्रीबुवांनी एक पाय वर घेतला व डोळे मिटले. प्रश्न कशासाठी विचारला आहे, हे त्यांना समजले होते. मग त्यांनी डोळे उघडले.

“नाही, महाराज. अर्थ निघत नसतो. तो असतो.”

“पुन्हा एकदा विचार करावा.”

“केला. आणखी एक. आपण दवंडीत ‘पुण्यतिथि’ असा ऱ्हस्व उच्चार करविला आहे. त्यातील ‘थी’ दीर्घ आहे.”

महाराजांनी तोंड उघडले. शास्त्रीबुवांना त्या क्षणी उडून जाता आले असते. पंख होते, वाराही अनुकूल होता. परंतु महाराज ‘थी’ म्हणण्यासाठीच तोंड उघडत आहेत, असे त्यांना वाटले. आणि ते ऐकण्यासाठी ते थांबले.

सुट्टी चतुर्थीची होती. तृतीयेला नव्हती.

“शास्त्रीबुवांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी भरून येणार नाही,” असे महाराज थोड्या वेळाने म्हणाले. त्यांची स्वतःची पोकळी बऱ्यापैकी भरली होती. मग त्यांनी सभेला विचारले, “मघाशी पुण्यतिथीबद्दल कोणी काही म्हणाले होते काय?”

सभेने जमिनीवरच्या पांढऱ्या पिसांकडे पाहिले. कोणालाही काहीच आठवेना.

दुसऱ्या दिवशी, बालमित्रांनो, दृढपृष्ठाची पुण्यतिथी मोठ्या उत्साहात साजरी झाली. वानरांनी तोरणे बांधली. तिथीवाले व तारीखवाले एका फांदीवर बसले. महाराजांनी आदल्या दिवशीचे उरलेले खाल्ले; ते अगदीच थोडे होते.

समारंभ आटोपताच कुरंगी सुविनयाजवळ गेली.

“प्रधानजी, शास्त्रीबुवासुद्धा थोरच होते. तृतीयेचीही सुट्टी धरता येईल का? त्यांची पुण्यतिथी म्हणून?”

“असे कसे, बाई?” सुविनय म्हणाला. “पुण्यतिथी हयात व्यक्तीची असते. हयात नसलेल्याची जयंती. तृतीयेला आपण त्यांची जयंती करू.”

आणि तसे ठरले. ज्येष्ठ आता अगदीच कोरडा राहिला नाही.

सत्कारमूर्ती मात्र कार्यक्रमभर मान आत घेऊन बसले होते. जेथे शास्त्रीबुवा एका पायावर उभे होते, तिकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. शेवटी कुरंगीचे पाडस गवताचा हार घेऊन पुढे आले. त्याच्याकडून वाक्य पाठ करून घेतले होते.

“पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा, आजोबा. आपल्याला अशा अनेक पुण्यतिथ्या लाभोत.”

दृढपृष्ठाने हार घालून घेण्यापुरती मान बाहेर काढली, सर्वांचे आभार मानले, आणि मान पुन्हा आत घेतली.

तात्पर्य, बालमित्रांनो, एवढेच की शब्दकोश नित्य वाचावा आणि शब्दांचे अर्थ अचूक पाठ करावेत. त्याने आपली विद्या वाढते, आणि आपल्या पश्चात इतरांना एक सुट्टी मिळते.