विलगीकरणातली गोड बातमी

"कीड? आणि माझ्या टाकीत? अहो, माझ्या परवानगीशिवाय तिथं पाण्याचा थेंब शिरत नाही!"

हौशी मत्स्यालय मंडळाच्या भर सभेत टेबलावर हात आपटून प्राध्यापकांनी हे वाक्य टाकलं आणि टाळ्या घेतल्या. हे प्राध्यापक खरेखुरे प्राध्यापक नव्हेत बरं का! ते एका विमा कंपनीत दावे तपासतात. पण प्यायला पाणी दिलं तरी हा गृहस्थ पाण्यातल्या क्षारांवर बोलायला लागतो, म्हणून ऑफिसातल्या मंडळींनी त्यांना ही पदवी बहाल केली होती. ती त्यांना मनापासून आवडली होती, हे वेगळं सांगायला नको.

प्राध्यापकांचा जीव त्यांच्या हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत होता. भिंतभर टाकी! तिच्यात रंगीबेरंगी कोरल, म्हणजे आपलं प्रवाळ, आणि मधोमध मॉन्टिपोरा नावाचं जांभळं कोरल. आणलं तेव्हा नखाएवढं होतं, आता जेवणाच्या ताटाएवढं झालं होतं. लग्नाचा वाढदिवस प्राध्यापक हमखास विसरत, पण टाकीतलं मीठ मोजायला एक दिवस विसरले नव्हते. ते ताट गेलं असतं तर प्राध्यापकांनी अंथरूणच धरलं असतं.

अशात त्यांनी आणखी मॉन्टिपोरा मागवलं. नवी कोरल म्हणजे सोबत कीड येणार, हे गृहीतच. म्हणून ती आधी वेगळ्या टबात ठेवायची, औषधी पाण्यात बुचकळून काढायची, आणि पुरती खात्री पटल्यावरच मोठ्या टाकीत हलवायची. यालाच विलगीकरण म्हणतात, आणि त्यावरच प्राध्यापकांचं ते गाजलेलं भाषण होतं.

प्रश्न होता टब ठेवायचा कुठे! हॉलपासून सगळ्यात लांब खोली सासऱ्यांची.

सासऱ्यांनी जन्मभर पोल्ट्री चालवली होती. गुडघे साथ देईनात तेव्हा तो सगळा व्याप विकून ते लेकीकडे राहायला आले होते. पहाटे सवयीनं जाग यायची. उठून बसायचे, आणि दाणे टाकायला कुणी नाही हे आठवलं की भिंतीकडे बघत राहायचे. ते लेकीला बघवत नसे.

"अहो, बाबांना काहीतरी काम द्या," प्राध्यापकांच्या बायकोनं बजावलं. "नाहीतर ती टाकी भंगारात देईन आणि तुम्हालाही सोबत पाठवून देईन!"

तेव्हा टब सासऱ्यांच्या खोलीत, आणि राखणीला सासरे! एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या आनंदात प्राध्यापकांनी सासऱ्यांना समोर बसवलं आणि घसा साफ केला.

"बाबा, लोकांना वाटतं कोरल म्हणजे दगड. साफ चूक! कोरल हा प्राणी आहे! जिवंत प्राणी! त्याला भूक लागते, तो वाढतो, त्याचा वंश चालतो!"

"अस्सं!" सासरे सावरून बसले. "म्हणजे पिल्लांसारखं जपायचं."

"अगदी पिल्लांसारखं! आणि एक लक्षात ठेवा. या खोलीतला थेंबही हॉलमध्ये जाता कामा नये. टॉवेल वेगळा, चपला वेगळ्या, हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही!"

"आमच्या शेडचा हाच कायदा होता, जावईबापू. साथ आली की मी सख्ख्या भावाला आत घेत नसे."

कोरल आली. प्राध्यापकांनी बाथरूमचं दार आतून लावून घेतलं, तपकिरी औषधात एकेक तुकडा बुचकळला, दात घासायच्या ब्रशानं त्याची पाठ घासली, भिंगातून पाहिलं. काही पडलं नाही, काही हललं नाही. स्वच्छ! आता औषधानं कीड मरते पण तिची अंडी मरत नाहीत, म्हणून काही दिवसांनी दुसरी बुचकळी द्यावी लागते, हे प्राध्यापकांना पाठ होतं. पण त्या दुसऱ्या बुचकळीच्या दिवशीच नेमका ऑफिसचा हुकूम आला, आठवडाभर परगावी प्रशिक्षण!

"आल्यावर बघू," असं म्हणून त्यांनी बॅग भरली. निघताना ते सासऱ्यांना कीड कशी दिसते हे सांगणार होते. पण सुरुवात कोरलच्या उत्पत्तीपासून केली, आणि कीड येईपर्यंत गाडीची वेळ झाली!

इकडे सासरे टबापाशी खुर्ची टाकून बसले. बघतात तर काय, टबात नुसते दगड! जांभळे, हिरवे, आणि एकजात मख्ख. दुपारपर्यंत त्यांतला एकही जागचा हलला नाही. सासऱ्यांना काळजी लागली. प्राणी म्हणाले होते, मग प्राणी गेले कुठे? संध्याकाळी टबावरचा दिवा मालवल्यावर त्यांनी बॅटरी मारून वाकून पाहिलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. एका दगडाच्या पोटाशी तांदळाच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र जीव, अंगाला झालर, हळूहळू चालला होता! त्याच्या मागे दुसरा! दोघं मिळून दगडावरचा जांभळा थर मन लावून खात होते.

"लबाडांनो, लपला होतात होय!" सासरे म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात धार आली होती.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचा फोन.

"बाबा, नवी मंडळी कशी आहेत?"

"पहिल्या दिवशी जरा बुजली होती. आता छान रुळलीत. अंगावरची झालर फुलवून बसतात."

"झालर फुलवतात!" प्राध्यापक खुर्चीवरून उठलेच. कोरलचे इवलेइवले गोंडे फुलणं म्हणजे तब्येत ठणठणीत! "बाबा, कमाल केलीत!"

सासऱ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी टबावर एक बल्ब टांगला. पिल्लांना ऊब नको?

त्यानंतरच्या फोनवर सासरे जरा काळजीत होते. "जावईबापू, चारा संपत आलाय."

"डबीत पूड आहे ना, चिमूटभर टाका."

"तिला शिवतसुद्धा नाहीत. ताजंच लागतं त्यांना. खवय्ये आहेत!"

"असू द्या, असू द्या! भूक आहे हेच महत्त्वाचं," प्राध्यापक म्हणाले. त्यांनी बायकोकडे फोटो मागितला, कारण सासऱ्यांचा फोन बटणांचा. ती म्हणाली, "चपला बदला, हात धुवा, टॉवेल वेगळा! मला तेवढा वेळ नाही. पण काय हो, बाबा सकाळी गाणं गुणगुणत होते. तुमच्या त्या दगडांचं देव भलं करो!"

आणि मग तो ऐतिहासिक फोन आला. प्रशिक्षक आगीच्या दाव्यांवर बोलत होते. प्राध्यापकांनी टेबलाखाली वाकून फोन कानाला लावला.

"जावईबापू, गोड बातमी! अंडी!"

"काय?"

"अंडी दिलीत! दगडाच्या खाली, ओळीनं, पांढरीशुभ्र! मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार!"

प्राध्यापकांचं डोकं टेबलाला खालून आपटलं. पण लागलं कुणाला! कोरलनं घरच्या टबात अंडी घालणं म्हणजे काय चेष्टा आहे? भल्याभल्यांना जमत नाही हे! "अंडी!" ते टेबलाखालून ओरडत बाहेर आले. आगीचे दावे ऐकणारा अख्खा वर्ग दचकला. प्रशिक्षकांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा प्राध्यापकांनी त्यांना मिठी मारली.

पुढच्या मिनिटाला त्यांनी मंडळाच्या अध्यक्षबाईंना फोन लावला. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर, स्वभावानं शंकेखोर. एकदा किडीनं त्यांची सगळी टाकी फस्त केली होती, तेव्हापासून त्या कुणाच्याही टाकीकडे किडलेल्या दाढेकडे बघावं तशा बघत.

"मॉन्टिपोरानं अंडी घातली? टबात? तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"माझ्या सासऱ्यांनी पाहिलीत! उभा जन्म अंड्यांत गेलाय त्यांचा!"

"मी येते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मंडळालाही आणते."

प्राध्यापक परतले तेव्हा दारात चपलांचा ढीग पडला होता. अध्यक्षबाई आल्या होत्या, मंडळ आलं होतं. प्राध्यापकांनी बॅग दारातच टाकली आणि वऱ्हाड घेऊन निघाल्याच्या थाटात सगळ्यांना सासऱ्यांच्या खोलीकडे नेलं. खोलीच्या तोंडाशी सासरे उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत चमक!

"एकेक जण या. गर्दी केली की बुजतात," ते म्हणाले. "आणि आनंदाची गोष्ट म्हणजे, आज सकाळी अंडी फुटली! पिल्लं बाहेर आलीत! एकही दगावलं नाही!"

मंडळात कौतुकाची लाट उसळली. प्राध्यापकांना तर रडूच कोसळायचं बाकी होतं. त्यांनी सासऱ्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "बाबा, तुम्हाला मी इतके दिवस ओळखलंच नाही!"

"ओळख राहू द्या, आधी बाळं बघा."

अध्यक्षबाईंनी पिशवीतून दाढा तपासायचा छोटा आरसा काढला, पाण्यात घातला आणि दगडाच्या पोटाखाली धरला. खोलीत सगळे श्वास रोखून उभे. बाईंनी आरसा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग तो आरसा टबातच सोडून दिला आणि साप दिसल्यासारख्या मागे सरकल्या.

"प्राध्यापक, ही गोगलगायीची जात आहे! कोरल खाणारी! हीच माझी टाकी खाऊन गेली!"

"आणि... कोरल?"

"कोरल त्यांच्या पोटात!"

प्राध्यापक टबावर वाकले. जांभळं कुठं दिसेना, हिरवं कुठं दिसेना. धुतलेल्या हाडासारखे पांढरे तुकडे पडले होते, आणि त्यांच्यावर झालरी फुलवलेली पांढरी पलटण! लहान, मोठी, मधली! मंडळातला जो तो आपापले हात शर्टाला पुसत दाराकडे सरकू लागला. प्रत्येकाच्या घरी टाकी होती.

"बाबा! ही कीड आहे! कीड!"

"कीड?" सासऱ्यांचा चेहरा पडला. "तुम्हीच म्हणालात, प्राणी आहेत. भूक लागते, वाढतात, वंश चालतो..."

"ते मी कोरलबद्दल म्हणालो होतो! हे दगड म्हणजे कोरल!"

सासऱ्यांनी दगडांकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, तो त्यांचा चारा."

प्राध्यापकांनी बाह्या न सरसावता दोन्ही हात टबात घातले आणि एकेक तुकडा उपसून उलटा केला. एखादा तरी वाचला असेल! पण नाही. प्रत्येक तुकड्याच्या पोटाशी तीच पंगत. आणि तेवढ्यात एक भयंकर विचार त्यांच्या डोक्यात चमकला.

"बाबा... यांना चारा संपत आलाय म्हणाला होतात... तुम्ही यांतले काही मोठ्या टाकीत तर..."

सासरे अपराध्यासारखे खाली बघू लागले. "मनात आलं होतं खरं. इथं दाटी झाली होती, उपाशी राहतात बिचारे, म्हणून..."

पुढचं ऐकायला प्राध्यापक तिथं होतेच कुठे! ते पॅसेज पार करून हॉलमध्ये पोचले होते, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत मोठ्या टाकीत! त्यांनी आपलं जांभळं ताट अलगद उचललं. खालून पाहिलं. वरून पाहिलं. कडेकडेनं पाहिलं. मागोमाग सगळं मंडळ येऊन उभं राहिलं.

"स्वच्छ!" प्राध्यापक ओरडले. "एकही नाही! स्वच्छ आहे! बाबा, तुम्ही सोडले नाहीत?"

"छे हो!" सासरे धापा टाकत येऊन पोचले होते. "मनात आलं होतं, पण सोडीन कसा? थेंबही जाता कामा नये, असा तुमचा हुकूम होता ना! मी रोज हात धुऊन, चपला बदलूनच बाहेर येतो. विचारा तुमच्या बायकोला!"

बायको दारात उभी होती. तिनं मान डोलावली. प्राध्यापकांचे डोळे भरून आले. नवी कोरल गेली तर गेली! ताट वाचलं! या साध्या म्हाताऱ्या माणसानं शब्दाला जागून ते वाचवलं! "बाबा," ते गहिवरून म्हणाले, "असं विलगीकरण या शहरात कुणी पाळलं नसेल! मंडळात तुमचा सत्कार करायला लावतो की नाही बघा!"

मंडळानं टाळ्या वाजवल्या. अध्यक्षबाईंनी मात्र वाजवल्या नाहीत. त्या प्राध्यापकांच्या हातांकडे बघत होत्या. हात अजून टाकीतच होते. बाह्या टबाच्या पाण्यानं निथळत असताना ते आत गेले होते, आणि आता उजव्या बाहीच्या कडेवरून तांदळाचा एक पांढरा दाणा सुटला. झालर फुलवत, गिरक्या घेत तो खाली आला आणि जांभळ्या ताटाच्या बरोब्बर मध्यभागी उतरला. त्याच्या मागून दुसरा उतरला.

अध्यक्षबाईंनी डोळे मिटून घेतले.

सासरे काचेला नाक लावून बघत होते. त्यांचा पडलेला चेहरा हळूहळू उजळला.

"बरं झालं, जावईबापू," ते म्हणाले, "इथं चारा भरपूर आहे!"