सभापतींसाठी एक सोपा चेंडू

धम्मानंद वासनिक सकाळी सकाळी अंगणात वाईट चेंडू टाकायचा सराव करत होते आणि तो काही केल्या जमत नव्हता. समोर त्यांची बायको नीला कपडे बडवायची मोगरी घेऊन उभी होती. चेंडू टप्पा पडून वळला, मोगरीला हुलकावणी देऊन मागच्या बादलीवर टण्णकन आदळला.

"पुन्हा बादलीच!" नीला म्हणाली. "मले मारता येईन असा टाका ना जी!"

"तसाच टाकून राहिलो वं. तो ऐकूनच नाही राहिला."

धम्मानंद एकेकाळी विदर्भाकडून रणजी खेळलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. त्यांच्या चेंडूवर कुणी चौकार मारला की त्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे. आता ते बेसा भागातल्या एका लहानशा क्रिकेट मंडळाचे सचिव होते. प्रशासक झाल्यावर ते बरंच शिकले होते. नाही म्हणायचं असेल तेव्हा 'पाहू' म्हणायचं, पुष्पगुच्छ देताना पाहुण्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघायचं, सगळं सगळं. माणसाचं डोकं नव्या नोकरीत रुजू होतं, पोट तर त्याच्याही आधी होतं. मनगट मात्र जुन्याच नोकरीवर राहतं.

आणि आज गाठ मनगटाशी होती. मंडळाच्या मैदानावर मुलींच्या स्पर्धेचं उद्घाटन होतं. उद्घाटन म्हणजे पाहुण्यांनी बॅट धरायची, सचिवांनी एक हळू, गोड चेंडू टाकायचा, पाहुण्यांनी तो टोलवायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. क्षेत्ररक्षकांनी अशा चेंडूमागे पळायचं नसतं. प्रमुख पाहुण्या होत्या क्रीडा अनुदान समितीच्या सभापती यमुताई ठवकर. मैदानावर मुलींसाठी बाथरूम नव्हतं आणि ते मंजूर करणं यमुताईंच्या हातात होतं.

"पोट्ट्या खेळायले येतात का राहायले?" फोनवर त्या म्हणाल्या होत्या. "घरूनच जाऊन यायचं ना! बरं, येतो मी. पाहू."

हे 'पाहू' धम्मानंदांना चांगलंच ओळखीचं होतं. म्हणजे ताई खूश झाल्या तरच काही आशा.

उद्घाटनाला यमुताईंनी झोकात बॅट धरली. मागे यष्टिरक्षक म्हणून दहावीतली दामिनी, यजमान संघाची कप्तान, वाकून उभी राहिली. धम्मानंदांनी डोळे मिटून, मनातल्या मनात सगळ्या प्रशिक्षकांची माफी मागून चेंडू सोडला. तो हवेत तरंगला, थोडा विचार केल्यासारखा थांबला, टप्प्यावर वळला आणि ऑफ स्टंपची बेल अलगद उचलून गेला.

पंच रामाजी निवृत्त शिक्षक होते, प्रसंग ओळखणारे. त्यांनी हात आडवा केला. "नो बॉल!"

"असं का?" यमुताई हसल्या. "मग ही ट्रायल होती."

दुसरा चेंडू धम्मानंदांनी मुद्दाम पायांच्याही पलीकडे टाकला. तिथून वळून तो साडीच्या निऱ्यांना वळसा घालून मधल्या स्टंपवर गेला.

"डेड बॉल!" रामाजी ओरडले. "तिकडं म्हैस हालली!"

म्हैस मैदानाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे होती आणि बसलेली होती. पण कार्यकर्त्यांनी लगेच तिला हाकललं. दोघांनी खबरदारी म्हणून ताईंच्या साडीवरून पॅड बांधले, तिसऱ्यानं लिंबू सरबत आणलं. ऊन तापलं होतं. ताईंनी ग्लास रिकामा केला.

तिसऱ्या चेंडूला त्या तरातरा पुढे आल्या. बॅट फिरली, चेंडू हुकला आणि दामिनीनं पापणी लवायच्या आत बेल्स उडवल्या. "हाऊज दॅट!" सगळ्या मुली एका सुरात किंचाळल्या. मग दामिनीनं ग्लव्हजसकट तोंडावर हात ठेवला.

"काहून वं पोट्टे?" धम्मानंद दबक्या आवाजात म्हणाले. "पाहुणे आहेत ना!"

"सर, तुम्हीच तर शिकवलं, चान्स सोडायचा नाही म्हणून!"

यमुताईंचा चेहरा लाल झाला. "कुही गावाले सासरी धानाचे भारे झोडपले मी! अन् हा एवढासा चेंडू मले ऐकत नाही? टाका जी! मारल्याशिवाय इथून हालत नाही मी!"

कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मोबाइल वर केले. मग प्रत्येक हुकलेल्या चेंडूनंतर रामाजींनी नवं कारण काढलं आणि कुणी ना कुणी अदबीनं ताईंना ग्लास दिला. सरबत संपलं तसं नारळपाणी आलं, नारळपाणी संपलं तसा मठ्ठा आला. अपमान गिळताना सोबत काहीतरी लागतंच, त्यामुळे ताई सगळं पीत गेल्या.

मग त्यांनी एकाएकी पुढचा ग्लास नाकारला. 'गेलं बाथरूम,' धम्मानंदांच्या मनात आलं.

ताई मात्र मागे वळून दामिनीच्या कानाशी लागल्या होत्या. "बेटा, इथं बाईमाणसानं जायचं कुठं?"

"पेट्रोल पंपावर, ताई. पण तिथं कुलूप असते. चावी मॅनेजरपाशी."

"मग तुम्ही दिवसभर काय करता वं?"

"आम्ही पाणीच पीत नाही, ताई."

यमुताईंनी बॅट काखेत मारली. मग त्यांनी धम्मानंदांना खुणेनं जवळ बोलावलं.

"धम्माभाऊ, मले आउट करा."

"अं?"

"ताबडतोब! अन् त्या गुरुजीले सांगा, बोट वर करा म्हणा. मी बोलून बसली ना सगळ्यांसमोर, आता अशीच कशी जाऊ?"

धम्मानंदांच्या जिवात जीव आला. विकेट घ्या म्हणत होत्या! हे काम त्यांना झोपेतही जमलं असतं. ते धावत आले, हात फिरला, आणि घामानं ओला झालेला चेंडू बोटांतून निसटला. टप्पा नाही, वळण नाही, कमरेइतका सरळ फुल टॉस. यमुताईंनी डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू सणसणत सीमेपार गेला.

एकच जल्लोष झाला. बँडवाल्यानं वाजवायला घेतलं, कार्यकर्त्यांनी ताईंना गराडा घातला.

"ताई, वन्स मोअर!"

"ताई, फोटो नीट नाही आला जी, बॅट पुन्हा उचला!"

"हटा बाप्पा, हटा!" ताई पॅडसकट गर्दी फोडत निघाल्या. वाटेत मंच लागला. माइक त्यांनी चालता चालताच हिसकावला. "मुलींचं बाथरूम मंजूर! काम उद्याच सुरू करा! जय महाराष्ट्र!" त्यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत लहान भाषण. गाडीचं दार बंद व्हायच्या आत ड्रायव्हरला हुकूम ऐकू आला, "पंपावर घे! अन् मॅनेजरले फोन लाव!"

संध्याकाळी धम्मानंद जेवणाच्या ताटापुढे नुसतेच बसून होते. नीलानं गरम भाकरी वाढली.

"काम तर झालं ना जी? पोट्ट्या किती खूश आहेत. मग तोंड काहून पाडून बसले?"

धम्मानंदांनी ताट बाजूला सारलं.

"चौका बसला वं," ते म्हणाले.