कुंपणापलीकडचा झेल

“पण तो दिसतो कसा, ते तरी सांग,” गाडीची किल्ली उचलत सुशीलने विचारलं.

“कुणालाच माहीत नाही,” विनया खुर्चीवर चढून मेळाव्याच्या हॉलच्या भिंतीला कागदी झालर चिकटवत होती. “सगळ्यांना माहीत असता तर आज त्याची आठवण काढायला प्रोग्रॅम कशाला ठेवला असता? नाव बॅरी. पासष्ट-सत्तरचा असेल. ओटाहुहु स्टेशनच्या बाहेर उभा राहणार आहे. तुझा नंबर दिलाय त्याला. आणि सुशील, प्लीज, आज काही घोळ नको.”

सुशील ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होता. दिवसभर एकसारख्या नावांच्या गोळ्या हाताळूनही त्याच्या हातून कधी चूक झाली नव्हती. तो जे काही घोळ घालायचा, ते दुकानाबाहेरच. त्यामुळे बायकोचा टोमणा त्याने निमूटपणे गिळला.

बेसबॉल हा विनयाचा प्रांत. शिकायला म्हणून ती साताऱ्याहून ऑकलंडला आली, तेव्हा कॉलिन नावाच्या गृहस्थाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. पहिल्याच हिवाळ्यात ती खोलीत रडत बसलेली त्याने पाहिली. काय बोलावं ते त्याला सुचेना, म्हणून तो तिला गल्लीच्या टोकाच्या मैदानावर घेऊन गेला. तिथे ‘हेरन्स’ नावाची एक छोटीशी बेसबॉल टीम बहुतेक वेळा हरत असे. विनया त्या टीमच्या प्रेमात पडली. पुढे ती नर्स झाली, लग्न झालं, पण शनिवारची मॅच काही सुटली नाही. सुशीलला मात्र हा खेळ अजून कळला नव्हता. बॅट फेकून पळत का सुटायचं, हा त्याचा मूळ प्रश्न होता.

हेरन्सच्या चाहत्यांचा एक वार्षिक मेळावा असे. त्यात मोठ्या खेळाडूंचं नाव काढायचं नाही, असा नियम होता. ज्यांना कुणी ओळखत नाही, पण ज्यांच्यावर आपला जीव जडला, त्यांच्याविषयीच बोलायचं. यंदा पहिल्यांदाच त्यांतला एक जिताजागता खेळाडू येणार होता.

बॅरी हा राखीव खेळाडू. १९९० सालच्या फायनलमध्ये शेवटच्या डावापुरता मैदानात उतरला आणि नेमका चेंडू त्याच्याच दिशेने उडाला. बॅरी उलटा पळत सुटला, त्याने उडी मारली आणि चेंडूसकट कुंपणाच्या झुडपांवरून पलीकडच्या परसात दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने झुडपांतून एक हात वर आला. त्या हातातल्या ग्लव्हमध्ये चेंडू होता. झेल असेल तर हेरन्स जिंकले. चेंडू जमिनीवरून उचललेला असेल तर हरले. अंपायरने आऊट दिलं. हेरन्सनी जिंकलेली ती एकमेव फायनल.

तो अंपायर म्हणजे कॉलिन. समोरच्या टीमच्या लोकांनी त्याला तोंडावर चोर म्हटलं. कॉलिनने त्या दिवशी जी टोपी उतरवली, ती उतरवलीच. पुन्हा कधी अंपायर म्हणून उभा राहिला नाही. आता तो ऐंशीला टेकला होता, हृदय नाजूक झालं होतं, आणि आपण दिलेला निर्णय बरोबर होता की नाही, एवढं त्याला एकदा खुद्द बॅरीच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून विनयाने बॅरीचा माग काढला होता.

“कॉलिनला कसलाही धक्का बसता कामा नये,” सुशील निघता निघता ती त्याला म्हणाली.

ओटाहुहु स्टेशनच्या बाहेर पांढऱ्या मिशांचा, लालबुंद गालांचा आडव्या अंगाचा एक म्हातारा ब्लेझर घालून उभा होता. सुशीलने काच खाली केली.

“बॅरी?”

“आलास एकदाचा!” म्हातारा दार उघडून आत बसलासुद्धा.

सुशीलने तरीही खात्री करून घेतली. “क्लबच्या कार्यक्रमालाच ना?”

“मग? माझा सत्कार आहे म्हणे.”

सुशील निर्धास्त झाला. रस्ताभर बॅरी खेळाबद्दल भरभरून बोलला. मनगट कसं सैल ठेवायचं, हिरवळ ओली असली की अंदाज कसा चुकतो, हे सगळं त्याने समजावून सांगितलं. सुशीलला बेसबॉल पहिल्यांदाच थोडा थोडा कळल्यासारखा वाटला.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पस्तीस-चाळीस माणसं उभी राहिली. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून आणलेल्या समोशांची बशी बॅरीच्या हातात देण्यात आली. कॉलिन काठी टेकत पुढे आला आणि काही न बोलता त्याने बॅरीचा हात दोन्ही हातांत घेतला. विनयाने लांबूनच सुशीलकडे असं काही पाहिलं की लग्नानंतर इतकं कौतुक आपल्या वाट्याला कधी आलं होतं, हे तो आठवू लागला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“हॅलो, मी बॅरी बोलतोय,” पलीकडून एक बारीक आवाज आला. “माफ कर हं, ट्रेन लेट झाली. मी स्टेशनबाहेर उभा आहे. तू कुठल्या बाजूला आहेस?”

“येतोच,” म्हणून सुशीलने फोन ठेवला. त्याने व्यासपीठाकडे पाहिलं. त्याने आणलेला बॅरी दुसरा समोसा उचलत होता.

तो खुर्च्यांच्या कडेकडेने तिथे पोचला आणि वाकून कुजबुजला, “तुम्ही कुठला खेळ खेळता?”

“बोल्स,” बॅरी समाधानाने म्हणाला. बोल्स म्हणजे कापलेल्या हिरवळीवर गोळे घरंगळत सोडायचा निवृत्त मंडळींचा आवडता खेळ. “आमच्या क्लबचं बक्षीस समारंभाचं जेवण आहे ना आज? पण इथे ओळखीचं कुणीच दिसत नाही. माणसं मात्र गोड आहेत.”

“हे बघा, एक घोटाळा झालाय…”

“सुशील!” विनयाने खुणावलं. “बाजूला हो ना, फोटो काढतायत.”

आता सांगावं तर चाळीस माणसांसमोर, आणि कॉलिनच्या डोळ्यांत पाणी असताना. सुशीलचा धीर झाला नाही. आधी खऱ्या बॅरीला आणावं, मग त्यालाच काहीतरी मार्ग विचारावा, असं ठरवून तो बाहेर सटकला. जाता जाता विनयाला म्हणाला, “बर्फ आणतो.” बर्फाच्या दोन पिशव्या टेबलाखाली होत्या, हे त्याला गाडी सुरू केल्यावर आठवलं.

खरा बॅरी किडकिडीत होता. बिनइस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या त्याने कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. सुशीलने गाडी चालवत सगळं कबूल केलं. त्याला वाटलं होतं, हा चिडेल. पण बॅरीने नुसतीच मान हलवली.

“बरंच झालं. सत्कार त्यालाच घेऊ दे. मी सत्कारासाठी आलोच नाहीये.”

“मग?”

“तो झेल नव्हता,” बॅरी खिडकीबाहेर बघत म्हणाला. “चेंडू परसातल्या सिल्व्हरबीटच्या भाजीच्या वाफ्यात पडला होता. मी पानं बाजूला करून उचलला. हात वर केला तो मदतीला कुणी यावं म्हणून, पाय मुरगळला होता माझा. कॉलिनने आऊटची खूण केली, सगळे नाचायला लागले, मलाही उचललं. मग सांगायचं राहूनच गेलं. आज सांगून मोकळा होणार.”

सुशीलने गाडी कडेला घेतली. “अहो, त्यांचं हृदय नाजूक आहे! आणि माझी बायको… तुम्ही विनयाला ओळखत नाही. तुम्ही कोण ते आत्ता तिथे सांगू नका. मी तिला घरी गेल्यावर सावकाश सांगतो.”

बॅरीने खूप विचार केला. “बरं. नाव सांगणार नाही,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला, हे सुशीलच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

ते परत आले तेव्हा आठवणी रंगात आल्या होत्या. विनया एका खेळाडूविषयी सांगत होती. त्याला चेंडू मारता येत नसे, म्हणून तो मुद्दाम अंगावर घ्यायचा आणि टोला बसला की नियमाप्रमाणे हसत हसत फुकटात पहिल्या बेसवर जाऊन उभा राहायचा. “मी त्याच्या पाठीला किती वेळा बर्फ लावलाय!” ती म्हणाली आणि हॉल हसला. खरा बॅरीही हसला. “रॉडनी,” तो सुशीलच्या कानात म्हणाला. “फार सज्जन माणूस.” दोघे शेवटच्या रांगेत बसले.

“हे कोण?” विनयाने लांबूनच हातवारे करून विचारलं.

“दुकानातले कस्टमर,” सुशीलने हातवाऱ्यांनीच औषधाची बाटली दाखवून उत्तर दिलं.

मग कॉलिन उठला. त्याचा काठीवरचा हात थरथरत होता.

“बॅरी,” तो म्हणाला, “मी तेव्हा आऊट दिलं, कारण मला तो झेलच वाटला. पण झुडपांमुळे मला नीट दिसलं नव्हतं. आज खरं सांग. मी चुकलो होतो का?”

मिशीवाल्या बॅरीने हातातली बशी खाली ठेवली. कुठलं झुडूप, कसला झेल, त्याला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण समोर एक म्हातारा माणूस थरथरत उभा होता आणि त्याला काय ऐकायचंय, ते कुणालाही कळलं असतं.

“तू चुकला नाहीस, मित्रा,” तो ठामपणे म्हणाला. “झेल होता. एकदम स्वच्छ.”

कॉलिनने डोळे मिटले. विनयाने त्याला धरून खाली बसवलं. टाळ्या सुरू होणार, एवढ्यात सुशीलच्या शेजारची खुर्ची करकरली. खरा बॅरी उभा राहिला होता. सुशीलने त्याची बाही धरली. ती हातातून निसटली.

“मी त्या दिवशी कुंपणापलीकडे होतो,” बॅरी म्हणाला. “तो झेल नव्हता. चेंडू जमिनीवर पडला होता. सिल्व्हरबीटच्या वाफ्यात.”

विनया कॉलिनची नाडी बघत होती. कॉलिनचा चेहरा पांढरा पडला, मग गुलाबी झाला, मग चांगलाच लाल झाला. आणि तो उठला. काठी न घेता.

“तू समोरच्या टीमचा ना?” तो गरजला. “वाटलंच मला! इतकी वर्षं हेच ऐकतोय तुमच्याकडून! आज तो खेळाडू स्वतः इथे उभा राहून सांगतोय, तरी तुमचं आपलं तेच!”

“मी कुठल्याही टीमचा नाही… म्हणजे, होतो, पण…”

“मला खोटारडा म्हणतोस?” आता मिशीवाला बॅरीही चवताळला. त्याने दोन्ही पंजे वर करून हॉलला दाखवले. “ह्या हातांनी झेल घेतलाय मी! ह्या!”

“तुम्ही झेल कसा घेणार? तुम्ही तर…” खऱ्या बॅरीने सुशीलकडे पाहिलं. सुशीलने हात जोडले. बॅरी तोंड उघडं ठेवून थांबला. दिलेला शब्द त्याने पाळला.

“बोल ना! तू स्वतः पाहिलंस?”

“मी तिथेच होतो! माझा पाय…”

“दुसऱ्याच्या परसात काय करत होतास?” मागून एक बाई कडाडल्या. “सिल्व्हरबीट चोरत होतास का?”

हशा पिकला. पायांनी जमीन बडवत सगळे एका सुरात ओरडू लागले, “बॅ-री! बॅ-री!” खरा बॅरी आपल्याच नावाच्या त्या गजरात खाली मान घालून उभा राहिला. कॉलिनने जुन्या पद्धतीने हात झटकन वर केला आणि त्याला हॉलबाहेरचा रस्ता दाखवला. त्या हाताला आता कंप नव्हता.

“सुशील,” विनया दातओठ खात म्हणाली, “तुझ्या त्या कस्टमरला आधी घेऊन जा इथून. आणि मघाशी बर्फ आणायला म्हणून गेलास, तो रिकाम्या हातानेच आलास. नाही, थांब. बॅरीलाही सोडून ये, त्यांना उशीर होतोय.”

“दोघांना एका गाडीत?”

“मग काय दोन गाड्या आहेत आपल्याकडे?”

ओटाहुहुच्या रस्त्यावर मागच्या सीटवर दोन्ही बॅरी शेजारी शेजारी बसले होते. मिशीवाल्याच्या डोक्यावर आता हेरन्सची निळी टोपी होती. शेवटी सुशीलनेच त्याला सगळं सांगितलं. हा शेजारी बसलाय तो खरा बॅरी, आणि चूक माझी. मिशीवाल्याने ऐकून घेतलं, टोपी काढली आणि ती खऱ्या बॅरीच्या मांडीवर ठेवली.

“नको,” खरा बॅरी म्हणाला. “ती झेल घेणाऱ्याला दिलीय. मी झेल घेतला नव्हता.”

“झेल तर मीही नाही घेतला.”

“पण तू ते छान सांगतोस. मी इतकी वर्षं सांगायला घाबरत होतो. आज सांगितलं, तर मलाच बाहेर काढलं.” तो हसायला लागला, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. “त्या म्हाताऱ्याच्या मनातली शंका मिटावी म्हणून आलो होतो रे मी. तेही जमलं नाही.”

तेवढ्यात गाडीतल्या स्पीकरवर विनयाचा आवाज आला. ती मराठीतून इतक्या भराभरा बोलत होती की मध्ये थांबायलाच तयार नव्हती. सुशील नुसता “हो, हो” करत राहिला. फोन ठेवल्यावर मागचे दोघेही पुढे वाकले.

“काय झालं? कॉलिन बरा आहे ना?” खऱ्या बॅरीने विचारलं.

“बरा आहे,” सुशील म्हणाला. “पुढच्या शनिवारी लहान मुलांच्या मॅचला अंपायर मिळत नव्हता. कॉलिन म्हणाला, मी उभा राहतो. आता घरी जाऊन जुनी अंपायरची टोपी शोधायची म्हणतोय.”

खरा बॅरी मागे टेकून बसला. समोर स्टेशन दिसू लागलं.

“असं असेल,” मग तो हळूच म्हणाला, “तर मी झेल घेतला होता.”

“मी घेतला होता,” शेजारच्या बॅरीने दुरुस्ती केली आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.