मामांची भवानी

आमच्या लोहाऱ्याच्या मामांकडे जायचं म्हणजे आधी चौकशी करावी लागे, की मामा सध्या कोण आहेत. एका उन्हाळ्यात ते शिंपी होते, म्हणून दिवाळीला मी उसवलेली पँट घेऊन गेलो, तर मामा जीप चालवत होते. तरी पँट त्यांनी तशीच परत केली नाही. सास्तूरची सवारी भरेपर्यंत स्टेअरिंगवर पसरून शिवून दिली. मामांना जाऊन आता वर्ष होईल. अजूनही कुणी आठवण काढली की आधी विचारावं लागतं, कुठल्या मामांची?

"येतंय की, त्यात काय," हे त्यांचं पालुपद. शिलाई, जीप, फोटो, मधमाश्या, बँडमध्ये क्लॅरिनेट. अडचण एवढीच, की नवा धंदा धरला तरी जुना अंगातून जात नसे. एका लग्नात ते फोटो काढायला गेले होते. ऐन अक्षतांच्या वेळी क्लॅरिनेटवाला सूर सोडायला लागला. मामांना राहवेना. कॅमेरा करवलीच्या हातात देऊन ते स्वतःच वाजवायला उभे राहिले. वाजवलं मात्र सुरेख. त्या अल्बममध्ये नवरा-नवरी हळदीनंतर एकदम पंगतीत भेटतात.

माझी आई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, कपाळाला हात लावायची. मामी कधीच नाही. उलट प्रत्येक धंद्याची भवानी, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक, मामीच असायची. तसा मामांचा नियमच होता. पहिला झंपर तिचा. एक बाही कोपरापर्यंत, दुसरी दंडावरच. पदर ओढून घेऊन ती तोच घालून बारशाला गेली. पहिला फोटोही तिचाच, त्यात ती गळ्यापासून खाली आली होती. मधाच्या वेळी तर डोळा सुजला, तरी गल्लीभर मधाचं कौतुक करत फिरली. अशी बायको मिळाली म्हणून मामांचे एवढे धंदे झाले, असं माझं स्पष्ट मत आहे.

मामी गेली तेव्हा नवा चहाचा गाडा रंगवून दारात उभा होता. तो काही हलेना. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मामा रोज गाडा पुसायचे आणि आत जाऊन बसायचे. माणूस असाच बसून संपेल, ही आईला धास्ती. शेवटी मी म्हणालो, मामा, भवानी मी करतो.

"भाच्याकडनं पैसे घेतेत व्हय रं?" एवढंच म्हणून ते पुन्हा गाडा पुसायला लागले.

संक्रांतीनंतर एका सकाळी गेलो, तर दारात गाडा नव्हता. धावतच स्टँडवर गेलो. मामा चहा उकळत होते. साखर टाकण्याआधी त्यांनी एक ग्लास भरून बाजूला ठेवला. मामीला साखरेचा आजार होता. समोर एसटीचा ड्रायव्हर हात पुढे करून उभा होता. त्याला म्हणाले, जरा दम धरा.

ग्लासातली वाफ थांबली. मामांनी तो उचलून एका दमात पिऊन टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"लई वाईट लागतंय रं," ते मला म्हणाले. "अन् ही इतकी वरसं मुकाट पीत हुती."

मग डोळे पुसले, पातेल्यात मूठभर साखर जास्तच टाकली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "या सायेब. भवानी झाली."