पश्चिम उताराला काही सांगू नये

हे कुणाला, आणि विशेषतः पश्चिम उताराला, सांगायचं नव्हतं. पण कुंभेखोलच्या टेकडीच्या पूर्व उताराला रोज संध्याकाळी गावातल्या बातम्या सांगतात आणि पश्चिम उताराला काहीच सांगत नाहीत.

यात वैर वगैरे नाही. हा प्रयोग आहे. शाळेत भूगोल शिकवणारे निरगुडकर सर या प्रयोगाचे आणि त्यासाठी गावाने नेमलेल्या समितीचे प्रमुख आहेत. त्यांनी नववीच्या वर्गाला शिकवलंय की निरीक्षण सांगताना ‘मी’ म्हणायचं नाही, जे दिसलं ते दिसलं तसं सांगायचं. म्हणून या सांगण्यात ‘मी’ येणार नाही. रेवती घाणेकर येईल, कारण निरीक्षणं तिची आहेत.

टेकडी आतून काळ्या कातळाची आणि वरून तांबड्या मातीची आहे. सर म्हणतात, कातळ ऊन खातो, पाणी पितो, भेगाळतो, त्याचा भुगा होतो, आणि बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ती वाहून जायला एक जोराचा पाऊस पुरतो. कुंभेखोलची माती दरवर्षी अशीच ओढ्याला मिळायची. मग लोकांच्या लक्षात आलं की पूर्व उतारावरच्या शेवंताकाकू जिथे बसून गप्पा मारतात तिथली माती जात नाही. त्यावरून सरांनी गृहीतक मांडलं: रोज बातमी ऐकायला मिळाली तर माती जागची हलत नाही, कारण तिला गोडी लागते.

गृहीतक मांडलं की तपासावं लागतं. टेकडीच्या मधोमध घायपाताची ओळ लावली. दोन्ही उतारांवर लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि मातीच्या पातळीला प्रत्येक खुंटीवर पांढरी रेघ ओढली. पावसानंतर रेघेखाली जेवढी खुंटी उघडी दिसेल तेवढी माती गेली. एकच गोष्ट वेगळी ठेवायची, बाकी सगळं सारखं, हा मुख्य नियम. म्हणून पूर्वेकडच्या बाबू मोहित्यांनी म्हैस घेतली तेव्हा पश्चिमेलाही एक म्हैस बांधावी लागली. पूर्वेचा एक फणस वीज पडून गेला तेव्हा पश्चिमेचा एक फणस पाडला. ज्याचा होता तो आधी कुरकुरला, पण सरांनी झाड पडण्याची दिशासुद्धा जुळवून घेतली तेव्हा त्यालाही पटलं.

पश्चिम उतारावर घराबाहेर बातमी बोलायला बंदी आहे. घरात बोलायचं, तेही फरशीवर बसून. ‘चल’, ‘ऊठ’, ‘पाणी आण’ हे चालतं, कारण समितीच्या मते हुकूम म्हणजे बातमी नव्हे. ‘कोण आलं गं?’ हेही चालतं. उत्तर मात्र आत गेल्यावर द्यायचं.

या बंदीवर लक्ष ठेवायला समितीने एकमताने रेवतीला नेमलं. हजेरीला ‘हजर’ म्हणताना तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचत नाही. तिला ही नेमणूक आवडली. गप्प बसण्याबद्दल आजवर सगळ्यांनी नावंच ठेवली होती. प्रथमच कुणीतरी गप्प बसण्यालाच काम मानलं होतं.

प्रयोग उत्तम चालला होता. पूर्वेच्या रेघा मातीला टेकलेल्या राहायच्या. पश्चिमेच्या खुंट्या दरवर्षी जास्त उंच दिसायच्या. अडचण एवढीच होती की पश्चिम उतारावर, खुंट्यांच्या अगदी वर, रेवतीच्या द्वारकाआत्याचं घर आहे, आणि रेवती शाळेसाठी तिच्याकडेच राहते.

उन्हाळा संपत आला, शाळा उघडली, पाऊस अजून आला नव्हता, तेव्हा आत्या समितीच्या सभेला गेली. सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. शाळा पूर्वेला आहे, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येत होतं.

“सर, या रेवतीच्या लहानपणी माझ्या ओट्याखालून मुंगी जायची,” आत्या म्हणाली. “आता मांजर जातं. पुढच्या वर्षी म्हैस जाईल.”

“कुठली म्हैस?” सरांनी गंभीरपणे विचारलं. “तुलनेची?”

“कुठलीही जाऊ दे हो! घर अधांतरी राहिलंय माझं. आमच्या मातीलाही जरा काहीतरी सांगा.”

“द्वारकाबाई, तुमचा उतार गप्प आहे म्हणून पूर्वेला काय झालं ते आपल्याला कळतं. तुमचीही माती थांबली, तर कळणार काय?”

“माझं घर थांबलं, एवढं कळेल की.”

शेवंताकाकूंनी पदर सावरला. पूर्व उताराला बातम्या सांगण्याचं काम पहिल्यापासून त्यांच्याकडे आहे. “अगं द्वारके, माझ्याकडे ये राहायला. रोज ऐकायला तरी मिळेल.”

“तुझं ऐकून माती बसते, शेवंते. माणसं उठून जातात.”

व्हरांडा हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते लपवतही नव्हते. पण वाईट वाटणं हा पुरावा नव्हे, हे त्यांनीच शिकवलेलं आहे.

“अजून एक पावसाळा बघू,” ते म्हणाले. “दसऱ्यानंतरच्या सभेत विषय घेऊ.”

“पावसाळा तुमचा, ओटा माझा,” आत्या म्हणाली आणि चपला घालून निघाली.

ओटा गेला तर मागचं घर राहणार नव्हतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. मग आत्याला लेकाकडे डोंबिवलीला जावं लागणार होतं, तिसऱ्या मजल्यावर, जिथे पायाखाली माती नाही. परतताना आत्या घायपाताच्या ओळीपर्यंत भरभरून बोलली. ओळ ओलांडल्यावर तिने तोंड मिटलं. नियम तिनेही कधी मोडला नव्हता.

रेवतीचं काम पश्चिमेला गप्प ठेवायचं असलं तरी ती बसायची घायपाताच्या ओळीपाशी, आणि तिथून पूर्वेचं सगळं दिसायचं. शेवंताकाकू रोज दगडावर बसत, मातीवर हात फिरवत आणि सुरू करत. एकदा त्या सांगत होत्या, “तर बाई, जाधवांची सून माहेराहून आली ती एकटीच. नवरा मागे राहिला. आणि हातातल्या पिशवीत काय होतं म्हणशील, तर...” तेवढ्यात त्यांच्या घरातून दूध उतू गेल्याची बोंब आली. काकू धावल्या. सकाळी त्या जागेवरची माती इतकी घट्ट होती की कोंबडीला उकरता येईना.

दुसऱ्या एका दिवशी काकूंनी मान्यांचा बैल हरवल्याची बातमी सांगितली. बैल सापडला, धड सापडला, घरी आला, पेंड खाऊन झोपला. सगळं नीट पुरं झालं. सकाळी तिथली माती सैल होती, आणि वारा नसताना मूठभर खडे खुंटीपर्यंत घरंगळलेले होते.

एकदा दिसलं म्हणजे दिसलं असं होत नाही. रेवती थंडीतही बघत राहिली आणि उन्हाळ्यातही. पुढे नुसतं बघणं पुरेना, तेव्हा तिने आत्याच्या मोबाइलवरून काकूंना भर बातमीत फोन लावायला सुरुवात केली. बोलायची ती काहीच नाही.

“हॅलो! हॅलो? कोण मेलं नुसता श्वास घेतंय!” काकू ओरडत, आणि रेंज शोधत शोधत निघून जात. बातमी तिथेच राही. मातीही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी रेवती शाळा सुटल्यावर सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“सर, बातमीने नाही थांबत माती. अर्धवट राहिलेल्या बातमीने थांबते.”

सरांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. एक तर नीट ऐकू आलं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक निष्कर्ष दोनदा ऐकायची त्यांची पद्धत आहे.

“याच्या उलट कधी झालं? उलट शोधलंस का?”

“शोधलं सर. नाही सापडलं.”

सर खुर्चीत मागे टेकले. इतके खूश ते वार्षिक तपासणीलाही दिसले नव्हते. मग त्यांचा चेहरा उतरला. “पण पूर्वेवर हे सिद्ध करता यायचं नाही. तिथल्या मातीत आधीच्या किती गोष्टी अर्ध्या पडल्यात, देव जाणे. काहीही न ऐकलेली माती पाहिजे.”

दोघांनीही खिडकीतून पश्चिमेकडे पाहिलं.

“नाही,” सर म्हणाले. “मग तुलनेला काय उरेल?”

“पश्चिम उतारावर मधे पाण्याचा चर खणलाय ना, त्याच्या पलीकडचा भाग, सर. तिथे घर नाही कुणाचं. तो गप्प ठेवायचा. आत्याच्या घराखालच्या मातीला सांगायचं.”

सरांनी खडू हातात घेतला, फळ्याकडे गेले, काही न लिहिता परत आले. “रचना बरोबर आहे. पण सभा दसऱ्यानंतर.”

“पाऊस दसऱ्याच्या आधी आहे, सर.”

“परवानगी नाही, रेवती,” सर म्हणाले. त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, “सांगणार कोण होतं?”

रेवतीने दप्तर उचललं. सांगणार कोण, ते तिला माहीत होतं.

घरी आल्यावर तिने आत्याला फरशीवर बसवून सगळं समजावलं. आत्याने परातीतलं पीठ मळत ऐकून घेतलं.

“म्हणजे तू सांगत बसायचंस आणि मी मधेच हाक मारायची. कधी मारू?”

“कधीही. पण मला सांगून ठेवू नकोस. आधी कळलं तर मी वाक्य पुरं करून मोकळी होईन. मग प्रयोग खोटा पडेल.”

“शेवटची भाकरी उतरली की मारते.”

“आत्या! तेही सांगायचं नाही.”

“बरं बाई, मग शेवटची नाही. कुठली ते माझं मी बघते.” आत्याने पिठाचा हात रेवतीच्या नाकाला लावला. “आणि तिला सांगणार काय तू? गावात कुणाच्या घरी काय चाललंय ते तुला कधी माहीत असतं?”

हे खरं होतं. शिवाय या मातीने आजवर काही ऐकलेलंच नाही. तिला जाधवांच्या सुनेची बातमी दिली तर ती विचारणार, कोण जाधव? जिला काहीच माहीत नाही तिला आधी तिच्याबद्दल सांगावं लागतं. तिला गप्प का ठेवलं, शेजारच्या उताराला रोज काय ऐकायला मिळतं, आणि तिच्या डोक्यावर कुणाचं घर आहे.

म्हणून आत्ता रेवती आत्याच्या ओट्याखाली, फणसाच्या उघड्या पडलेल्या मुळांपाशी बसली आहे आणि हे पहिल्यापासून सांगते आहे. आवाज मोठा आहे. वर्गात निघाला असता तर मागच्या बाकापर्यंत पोचला असता. पश्चिमेकडून ढग आले आहेत. पहिल्या वाक्याला इथले खडे उतारावरून घरंगळत होते. ‘गृहीतक’ या शब्दाशी ते थांबले. सांगण्यात म्हैस आली तेव्हा मुळांजवळची भेग बारीक झाली. ही कल्पना नव्हे, निरीक्षण आहे.

निरगुडकर सर घायपाताच्या ओळीशी येऊन उभे राहिलेले आहेत. हातात हातोडा, खुंट्या आणि रंगाचा डबा आहे. ‘थांब’ हा हुकूम आहे, तो त्यांना इथेही म्हणता आला असता. ते म्हणाले नाहीत. ते चर ओलांडून पलीकडे गेले, तिथल्या गप्प मातीत त्यांनी नव्या खुंट्या ठोकल्या आणि गुडघ्यावर बसून एकेक रेघ ओढली. मग चराच्या अलीकडे आले आणि आत्याच्या घराखालची सगळ्यांत जुनी खुंटी त्यांनी दोन बोटांनी हलवून पाहिली. ती हलली नाही. सरांनी घसा साफ केला. या उताराशी ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत. आता ते वाकून मातीलाच सांगताहेत, की ही खुंटी ठोकली त्या दिवशी ती खालच्या कातळाला लागलीच नव्हती. कातळाच्या बरीच वर ती ज्याला लागली आणि जे त्यांनी समितीलासुद्धा सांगितलं नाही, ते म्हणजे

“रेवते! ऊठ! चल आत!”